‘समजलं’ आणि ‘मान्य’

देशाचं नाव लिहीत नाही. त्या बैठकांमधली बरीचशी माणसं अजून कामावर आहेत, आणि बंद दाराआड बोललेलं नावानिशी बाहेर काढू नये, हा आमच्या पेशाचा पहिला नियम आहे. एवढं सांगते की त्या देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते, आमच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते, आणि दीड वर्षात तिसरा अर्थमंत्री शपथ घेत होता. मी तिथल्या आमच्या दूतावासात आर्थिक विभागाची सेकंड सेक्रेटरी होते. बैठकीत माझं काम लिहिण्याचं. बोलायचं ते राजदूतांनी.

शपथविधी संध्याकाळी झाला. रात्री राजदूतांचा फोन आला: सकाळी टिपण हवं, दोन पानांचं, तिसरं पान वाचणार नाही. नव्या मंत्र्यांची माहिती गोळा करायला वेळ लागला नाही. मध्यवर्ती बँकेत हयात घालवलेला माणूस, निवडणूक कधी लढवली नाही, भाषण करायची सवय नाही. हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलंच होतं. मला वेगळंच शोधायचं होतं. मी आधीच्या दोन अर्थमंत्र्यांच्या पहिल्या भेटींची टिपणं फायलीतून काढली आणि शेजारी शेजारी ठेवून वाचली. इंधनावरचं अनुदान टप्प्याटप्प्याने काढू, विजेचे दर वाढवू, तोट्यातल्या सरकारी महामंडळांचं काहीतरी करू, विनिमय दर एकच ठेवू. वाक्यं तीच होती, क्रमसुद्धा तोच. दोघांनीही मनापासूनच सांगितलं असणार. अडचण पुढे यायची. अर्थमंत्री बोलून बसायचा, मंत्रिमंडळ मान हलवायचं आणि दरवाढीचा दिवस आला की पंतप्रधानांच्या कार्यालयातून निरोप यायचा: थोडं थांबा.

तेव्हा दोन पानांत मी सुधारणांची यादी लिहिलीच नाही. ती सगळ्यांना पाठ होती. तीन प्रश्न लिहिले. पंतप्रधानांनी तुम्हाला कुठवर जाण्याची मोकळीक दिली आहे? दरवाढ आणि गरिबांच्या हातात पैसे, यातलं आधी काय येणार? आणि पुढचे तीन महिने कसे काढणार? टिपण वाचून राजदूत म्हणाले, “तिसरा पहिला करा. आपल्या म्हणींत आहे ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तिथूनच सुरुवात करू.”

भेट मागायची म्हणजे फोन उचलून मागायची नसते. राजनैतिक संबंधांच्या 1961 च्या व्हिएन्ना करारातल्या एकेचाळिसाव्या कलमानुसार दूतावासाचं सरकारी कामकाज यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा त्याच्यामार्फत चालतं. दुसऱ्या खात्याशी थेट बोलायचं तर तशी सहमती लागते. आम्ही नोट व्हर्बाल, म्हणजे दूतावासाचं औपचारिक पत्र, पाठवली. हा कागद तृतीय पुरुषात लिहितात, सही न करता फक्त आद्याक्षरं टाकतात, आणि आदराच्या ठरलेल्या वाक्यांनी त्याची सुरुवात आणि शेवट होतो. बाहेरच्याला तो निव्वळ शिष्टाचार वाटेल. पण तारीख किती दिवसांनी येते, कळवतं कोण, भेट अर्ध्या तासाची की पाऊण तासाची, यावरूनच समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधता येतो. आम्हाला नवव्या दिवशी वेळ मिळाली. निरोप अर्थखात्याच्या सचिवांनी स्वतः दिला, आणि वेळेची मर्यादा सांगितली नाही.

त्या नऊ दिवसांत मी इतर दूतावासांतल्या माझ्यासारखंच काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटत होते. कर्ज देणारा प्रत्येक देश तेव्हा एकाच चिंतेत होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची (आयएमएफची) मदत कशी मिळते हे एकदा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. निधीचे अधिकारी आणि तो देश यांच्यात आधी कर्मचारी पातळीवरचा करार होतो. त्यावर पैसे मिळत नाहीत. दरवाढ, करवाढ, एखादा कायदा अशा काही गोष्टी आधी करून दाखवाव्या लागतात. देशाचं कर्ज फेडण्यापलीकडे गेलं असेल, तर मोठ्या धनको देशांकडून लेखी हमी लागते की आम्ही आमच्या कर्जात सवलत द्यायला तयार आहोत. अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आपल्या सहीचं इरादापत्र देतात. हे सगळं जुळल्यावर विषय कार्यकारी मंडळापुढे जातो आणि मग पहिला हप्ता सुटतो. श्रीलंकेचा कर्मचारी पातळीवरचा करार 1 सप्टेंबर 2022 ला झाला आणि मंडळाची मंजुरी 20 मार्च 2023 ला आली. मधले साडेसहा महिने बरेचसे धनकोंच्या हमीची वाट पाहण्यात गेले. भारताने जानेवारी 2023 मध्ये ती सर्वांत आधी दिली.

आधी कोणी द्यायची हाच सगळा पेच असतो. आपण सवलत दिली आणि दुसऱ्याने आपलं पूर्ण वसूल केलं, तर आपल्या करदात्यांच्या पैशातून दुसऱ्याची फेड झाली, ही भीती प्रत्येकाला असते. 1956 पासून चालत आलेल्या पॅरिस क्लबाने, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाने, यासाठी सर्वांना सारखी वागणूक हे तत्त्व ठेवलं, पण आजचे सगळे मोठे धनको त्या क्लबात नाहीत. म्हणून जो तो दुसऱ्याचं पाणी जोखत बसतो. तिकडे ज्या देशाची ही चर्चा चालते, तिथल्या दवाखान्यांतली औषधं संपत येतात. हे मी आकड्यांत वाचलं होतं. भेटीच्या दिवशी ते कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं पाहिलं.

मंत्री टेबलामागून उठून आले आणि आमच्याच बाजूच्या सोफ्यावर बसले. मला तेव्हा 15 जानेवारी 1998 चं जकार्तातलं ते छायाचित्र आठवलं: अध्यक्ष सुहार्तो वाकून करारावर सही करत आहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख मिशेल काम्देस्यू हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत. त्या एका चित्राने आशियातल्या अनेकांच्या मनात निधीबद्दलची अढी कायमची बसवली. मंत्र्यांच्याही डोक्यात ते असावं, कारण बोलता बोलता त्यांनी सांगितलं की सही मी करीन, पण माझ्या लोकांना ती कोणीतरी डोक्यावर उभं राहून करून घेतल्यासारखी दिसता कामा नये.

राजदूतांनी तिसरा प्रश्न पहिला विचारला. मंत्र्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून गुडघ्यावर उलगडला. डावीकडे तारखा, मध्ये काय द्यायचं आहे, उजवीकडे डॉलर कुठून येणार. अकरा ओळी होत्या. पहिल्या ओळीत एक तेलाचं जहाज होतं. ते बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं, कारण परदेशी बँका त्या देशाच्या एलसीला (आयातीचे पैसे देण्याच्या तिथल्या बँकांच्या लेखी हमीपत्राला) दुजोरा द्यायला तयार नव्हत्या आणि पुरवठादाराला रोख हवी होती. जहाज उभं राहील तितके दिवस डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा आकार, चढतं, आणि तेही डॉलरमध्येच. चौथ्या ओळीत इन्सुलिन आणि भुलीची औषधं होती. आठव्या ओळीत खत. उजवीकडच्या रकान्यात चार जागा रिकाम्या होत्या आणि प्रत्येक रिकाम्या जागेत पेन्सिलीने एक टिंब दिलेलं होतं, इतकं दाबून की कागदाला खळगा पडला होता.

राजदूतांनी कागद नीट पाहिला आणि शांतपणे विचारलं, “यात आमचा हप्ता कुठे आहे?”

मंत्र्यांनी कागद उलटा केला. मागे दुसरी यादी होती: या महिन्यात ज्यांना पैसे देता येणार नाहीत, त्यांची. आमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. “हे तुम्हाला दाखवायला नको, असं माझे सचिव म्हणाले होते,” ते म्हणाले. सचिव मान खाली घालून बसले होते.

अशी पारदर्शकता मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही फारशी पाहिली नाही. अर्थमंत्री बहुधा ताकास तूर लागू देत नाहीत. धनकोपुढे आपली खरी अडचण उघडी केली तर तो पाठ फिरवेल, अशी धास्ती असते. त्या कागदाने उलटंच झालं. राजदूतांनी पुढचे ठरलेले मुद्दे बाजूला ठेवले आणि भारताचं 1991 सालचं संकट सांगायला घेतलं.

ती गोष्ट जगभर ठरावीक पद्धतीने सांगितली जाते: तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन, सोनं गहाण, रुपयाचं 1 आणि 3 जुलैला दोन पायऱ्यांत अवमूल्यन, 24 जुलैचा अर्थसंकल्प, आणि मग भरभराट. राजदूतांनी त्यातला एरवी कुणी सांगत नाही तो भाग सांगितला. मनमोहन सिंग यांनी त्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती 40 टक्क्यांनी वाढवल्या होत्या. स्वतःच्याच पक्षातून गदारोळ झाला. वाढ 30 टक्क्यांवर आणावी लागली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना वगळावं लागलं. अर्थमंत्र्यांना मागे यावं लागलं. पण मागे कुठपर्यंत यायचं याची सीमा पंतप्रधान नरसिंह रावांनी आखून दिली आणि बाकीचं सगळं टिकलं. राजदूत म्हणाले, “तुमच्या पंतप्रधानांशी आजच बोलून ठेवा की पहिल्या आंदोलनानंतर काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही. आंदोलन सुरू झाल्यावर हे ठरवायला वेळ मिळत नाही.”

मंत्र्यांनी हे स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. मग बोलणं इंधनाकडे वळलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. सरकारी कंपनी डॉलर मोजून तेल आणायची, स्थानिक चलनात स्वस्त विकायची, खड्डा सरकारी बँकेच्या कर्जाने भरायची. ती बँक मध्यवर्ती बँकेकडे हात पसरायची, तिथे नोटा छापल्या जायच्या, चलन घसरायचं, आणि पुढचं जहाज आणखी महाग पडायचं. स्वस्त तेलाचा मोठा वाटा ज्यांच्याकडे दोन-दोन गाड्या, त्यांच्याकडे जात होता. हे कोणाला पटवून द्यायची गरज नव्हती. प्रश्न क्रमाचा होता. इजिप्तमध्ये जानेवारी 1977 मध्ये पाव आणि इतर अन्नपदार्थांवरचं अनुदान एका फटक्यात कमी केलं, दोन दिवस दंगली पेटल्या, माणसं मेली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. इराणने डिसेंबर 2010 मध्ये इंधनाचे भाव कितीतरी पटींनी वाढवले, पण त्याआधी घराघरांची बँकखाती उघडली आणि दरडोई ठरावीक पैसे त्यांत आधीच जमा केले. दरवाढीच्या दिवशी ते काढायला मोकळे केले. त्या योजनेची नंतर महागाईने दशा केली, पण भाव वाढले त्या दिवशी रस्ते शांत होते. मंत्र्यांना हे ठाऊक होतं. त्यांची अडचण साधी होती: खाती उघडायला, नावं तपासायला तीन महिने लागणार आणि निधीला दरवाढ सहा आठवड्यांत हवी.

मला वाटतं, आर्थिक सुधारणांवरच्या परदेशी सल्ल्यात सर्वांत मोठी चूक इथेच होते. काय करावं हे दहा वर्षं सगळे सांगतात. ते करायला किती दिवस लागतात, तेवढ्या दिवसांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न आला की खोली शांत होते.

शेवटी राजदूतांनी आमची बाजू मांडली. थकलेले हप्ते आम्ही नव्या वेळापत्रकात बसवायला तयार आहोत, मात्र दरवाढीची तारीख ठरली पाहिजे आणि ती महिनाअखेरच्या आत जाहीर झाली पाहिजे. मंत्र्यांनी दोनदा मान हलवली आणि म्हणाले, “समजलं. तुमचा मुद्दा मला पूर्ण समजला.” आम्ही उठलो.

आता माझी चूक. रात्री मुख्यालयाला अहवाल पाठवायचा होता; आम्ही त्याला अजून केबलच म्हणतो. भेट इतकी मोकळी झाली होती की मी भारावून गेले होते. तो कागद, ती टिंबं, मंत्र्यांचा प्रामाणिकपणा, सगळं मी लिहिलं, आणि चौथ्या परिच्छेदात लिहिलं की महिनाअखेरच्या आत दरवाढ जाहीर करण्याचं मंत्र्यांनी मान्य केलं. माझ्या वहीत ‘समजलं’ हाच शब्द होता. वहीतून पडद्यावर येईपर्यंत त्याचा ‘मान्य’ झाला. राजदूतांनी मसुदा विमानतळाच्या वाटेवर फोनवर वाचून संमती दिली. त्यांचीही नजर तिथे अडखळली नाही, पण शब्द माझा होता.

मुख्यालयात कुणालाही वहीशी घेणंदेणं नसतं. चारच दिवसांत आमच्याच एका अधिकाऱ्याने दुसऱ्या धनको देशाशी बोलताना आत्मविश्वासाने सांगितलं की अर्थमंत्र्यांनी तारीख कबूल केली आहे. तिथून ते त्या देशाच्या राजदूतांकडे आलं, तिथून अर्थखात्यात. मंत्रिमंडळासमोर तेव्हा प्रस्तावसुद्धा गेला नव्हता. आपल्या पाठीमागे परदेशांना शब्द देणारा अर्थमंत्री, अशी कुजबुज सुरू झाली तर त्या माणसाची खुर्ची आठवडाभरही टिकली नसती. आणि तो गेला असता तर त्याच्याबरोबर तो कागदही गेला असता. चौथ्या अर्थमंत्र्याने पुन्हा पहिल्यापासून तीच चार वाक्यं आम्हाला ऐकवली असती.

सचिवांचा फोन मलाच आला. आवाज चढला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “तुम्ही खोलीत होतात. ते काय म्हणाले होते?”

मी वही उघडून वाचून दाखवलं. मग राजदूतांकडे गेले आणि वही व केबल दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी त्याच संध्याकाळची वेळ मागितली, मला बरोबर नेलं आणि मंत्र्यांना पहिल्याच वाक्यात सांगितलं की चूक आमच्या अहवालाची आहे, तुमच्या बोलण्याची नाही, आणि तसं आम्ही सर्वांना लेखी कळवत आहोत. दुरुस्तीची केबल मी बैठकीच्या आधीच पाठवली होती. तिची प्रत त्यांनी मंत्र्यांना वाचायला दिली. आतली कागदपत्रं अशी दाखवायची नसतात. पण ज्याने आपल्याला कागदाची मागची बाजू दाखवली, त्याच्याशी हातचं राखून वागणं त्यांना जमणारं नव्हतं.

मंत्री वाचून थोडा वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आमच्या भाषेत ‘समजलं’ म्हणणं म्हणजे वडीलधाऱ्याचं बोलणं अर्ध्यात न तोडणं. त्यात होकार नसतो.

त्या दिवसापासून आम्ही एक रीत पाडली. बैठक संपताना, उठायच्या आधी, मी माझ्या नोंदी मोठ्याने वाचायच्या, तीन भागांत: मंत्री स्वतः करणार आहेत त्या गोष्टी, मंत्रिमंडळापुढे नेणार आहेत त्या, आणि त्यांनी फक्त ऐकून घेतलेल्या. सचिव त्यांच्या वहीशी ताडून पाहायचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहिल्या भागात दोनच ओळी निघाल्या आणि तिसऱ्यात नऊ. ते ऐकून दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं झालं, पण खरी परिस्थिती तेवढीच होती. पाचव्या बैठकीपर्यंत पहिला भाग सर्वांत लांब झाला. मधल्या बैठकांतलं सगळं सांगण्यासारखं नाही. व्याजाचे दर, सवलतीची वर्षं, कुठल्या तारखेपर्यंतचं कर्ज धरायचं, यावर तास गेले.

दरवाढ महिनाअखेरीला झाली नाही. खाती आधी उघडली गेली. मधल्या काळासाठी आमच्या बाजूने इंधन आणि औषधांपुरती अल्प मुदतीची पतमर्यादा मिळाली, आणि ती मिळवण्यासाठी राजदूतांनी मुख्यालयाशी जो वाद घातला तो मी जवळून पाहिला. तो कागद त्यांनी वादात वापरला नाही. त्यातल्या चौथ्या ओळीतल्या औषधांची नावं मात्र प्रत्येक पत्रात लिहिली.

हमीचं पत्र द्यायला आम्ही गेलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. पत्र दोनच परिच्छेदांचं होतं. मंत्र्यांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्या वाचनात प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि पत्र सचिवांकडे दिलं. मी वही उघडून रोजच्यासारखं तीन भागांत वाचलं. तिसऱ्या भागात काहीच नव्हतं. मंत्र्यांनी उठून राजदूतांचा हात हातात घेतला, आणि बाहेर दोन तास बसून राहिलेल्या बस कामगार संघटनेच्या लोकांना आत पाठवायला सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा ते आत येत होते. सात-आठ जण होते, आणि पुढच्याच्या हातात नव्या भाड्यांचा तक्ता होता.